फुरकियाला राहिलेला माणूस

वेल्ह्यातून केळदचा रस्ता धरला की वाटेत पासली लागते. तालुक्याचं नाव सरकारनं बदललं, तरी एसटीच्या कंडक्टरपासून दुधाच्या टेम्पोवाल्यापर्यंत सगळे अजून वेल्हंच म्हणतात. या पासलीत माऊली रेणुसे राहतो. वय बेचाळीस. चार खाचरांत इंद्रायणी पिकवतो, आणि भात झोडून झालं की पुण्याकडून येणाऱ्या लोकांना तोरणा, मढेघाट, कोकणात उतरणाऱ्या जुन्या वाटा दाखवत फिरतो. एकदा तोरण्याच्या बुधला माचीवर एका बाईचा पाय मोडला होता. तिला पाठुंगळीला घेऊन माऊली थेट वेल्ह्याच्या दवाखान्यात घेऊन आला, वाटेत दोनदाच टेकला. ही गोष्ट अख्ख्या तालुक्याला ठाऊक होती. पुढं जे झालं ते लोकांनी इतक्या सहज खरं मानलं, ते त्यामुळंच.

श्रीपाद सरांची आणि त्याची ओळख जुनी. सर भोरच्या कॉलेजात भूगोल शिकवायचे. दर डिसेंबरात पोरांना घेऊन पासलीला यायचे, कड्यातले दगडांचे थर दाखवायचे, आणि वाट दाखवायला माऊली असायचा. तीस वर्षं सरांनी फळ्यावर खडूनं हिमनदी काढली. ती कशी सरकते, डोंगर कसा खरवडते, गोट्यांचे ढीग कुठं टाकते, हे शेकडो पोरांना समजावलं. स्वतः मात्र एकदाही पाहिली नव्हती. आधी नोकरी, मग मुलीचं शिक्षण, मग आईचं आजारपण. निवृत्त झाले आणि वर्षाच्या आत छातीत कळ आली. पुण्याला नेऊन अँजिओप्लास्टी केली. तेव्हापासून त्यांच्या पत्नी शुभावहिनी त्यांच्या गोळ्यांवर, ताटावर आणि पावलांवर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवून होत्या.

तीन वर्षं सरांनी ऐकलं. चौथ्या वर्षी त्यांनी जाहीर करून टाकलं, की कुमाऊँत जाऊन पिंडारी हिमनदी बघणार. घरात पंधरा दिवस अबोला झाला. शेवटी वहिनी थोड्या नरमल्या, पण एका अटीवर. माऊलीला त्यांनी भोरला बोलावून घेतलं, पुढ्यात पोह्यांची बशी ठेवली आणि म्हणाल्या, "माऊली, हे कुणाचं ऐकणार नाहीत, मला माहितीय. तुम्ही एवढंच करा. यांना एक पाऊलसुद्धा एकटं टाकू देऊ नका."

"न्हाई टाकू देनार, वहिनी," माऊली म्हणाला. "माजा सबुद हाय."

सर खिडकीशी उभे राहून हसत होते. माऊलीच्या पायांवर त्यांचा स्वतःच्या पायांपेक्षा जास्त भरवसा होता. माऊलीचाही होता.

ऑक्टोबराच्या सुरुवातीला दोघं निघाले. पासलीत भात निसवलं होतं, लोंब्या बाहेर आल्या होत्या. त्याची राखण बायको सुलक्षणावर आणि म्हाताऱ्या वडिलांवर, गेनूआबांवर, सोपवून माऊली पहिल्यांदाच राज्याबाहेर पडला. काठगोदामपर्यंत रेल्वे, पुढं जीप, आणि रस्ता संपला तिथून पायवाट. खाती नावाच्या गावात त्यांनी वाटाड्या घेतला. खीमसिंह दानू त्याचं नाव. ठेंगणा, पन्नाशीचा, फारसं न बोलणारा. माऊलीला तो मुलूख पहिल्याच दिवशी आवडला. उतारावरची खाचरं, डोक्यावर गवताचे भारे घेऊन चाललेल्या बाया, सगळं ओळखीचं वाटत होतं. स्वतःची आणि सरांची अशा दोन्ही पिशव्या पाठीवर टाकून तो पुढं चालायचा, आणि खीमसिंह मागून म्हणायचा, "धीरे, भाई, धीरे." माऊलीला त्याचं हसू यायचं. डोंगरात हळू चालायला त्याला कुणी सांगितलं नव्हतं आजवर.

तिसऱ्या दिवशी द्वालीचा मुक्काम मागं टाकून ते फुरकियाला पोचले. तिथं पत्र्याचं एक विश्रामघर, दोन खोल्या, बाकी काही नाही. उंची साडेदहा हजार फूट. तोरणा याच्या निम्म्याहूनही कमी. पिशव्या खाली ठेवताना माऊलीच्या डोक्यात एक ठणका उठला आणि थांबेचना. संध्याकाळपर्यंत त्याच्या पोटात पाण्याचा घोट राहीना. सरांनी गोळी दिली, कपाळावर हात ठेवला. "विरळ हवेचं आहे हे. कुणालाही होतं. पैलवानांनासुद्धा होतं," ते म्हणाले. माऊली भिंतीकडे तोंड करून पडला. साठी उलटलेला, हृदयाचं दुखणं असलेला माणूस त्याचा वांतीचा डबा धूत होता, आणि तो काही करू शकत नव्हता.

सकाळी उजाडतं न उजाडतं तोच त्याला बुटांचा आवाज आला. सर खीमसिंहाबरोबर निघाले होते. हिमनदीचं टोक तिथून सात किलोमीटर. माऊली उठून बसला, तशी भिंत फिरली आणि तो पुन्हा आडवा झाला. "सर, थांबा," असं त्याला म्हणायचं होतं. तो ते म्हणाला, की नुसतं मनात आणलं, हे त्याला आजही नक्की सांगता येत नाही. दार लागलं. पावलं दूर गेली.

दुपारी खीमसिंह परतला तेव्हा त्याच्या पाठीवर सर होते. घोंगडीनं कंबरेशी बांधलेले. ओठ निळसर, उजवा हात छातीवर घट्ट धरलेला. वरून खाली यायला लागल्यावर अर्ध्या तासात कळ आली, सर खाली बसले, जिभेखालची गोळी घेतली, आणि मग त्यांना उठता येईना. खीमसिंहानं त्यांना पाच-सहा किलोमीटर पाठीवर आणलं. थोडा श्वास घेऊन त्यानं त्यांना त्याच दिवशी खाली द्वालीपर्यंतही नेलं. म्हणे, खाली नेणं हेच औषध. माऊली मागून लटपटत चालत होता. त्याच्या हातात खीमसिंहाची काठी तेवढी होती.

द्वालीला पोचले आणि पाऊस सुरू झाला. असा पाऊस माऊलीनं पासलीतच काय तो पाहिला होता, पण तो आषाढात. ऑक्टोबरात त्याची तयारी कुणाचीच नव्हती. दुसऱ्या दिवशी नदीवरचा लाकडी पूल वाहून गेला, आणि मागच्या बाजूची वाट दरडीखाली गेली. दोन नद्यांच्या बेचक्यात एका खोलीत नऊ माणसं अडकली. मोबाईलला रेंज नाही. तांदूळ आणि बटाटे, तेही मोजून. पत्र्यावर पावसाचा आवाज इतका, की बोलायचं तर कानाशी तोंड न्यावं लागे. असे पाच दिवस गेले. सर पडून असत. चौथ्या दिवशी त्यांच्या तोंडावर थोडी रया आली, तेव्हा त्यांनी माऊलीला जवळ बोलावलं.

"शुभाला यातलं काही कळता कामा नये."

"सर, दवाखान्यात दावाया पायजे."

"दाखवीन. माझं मी दाखवीन. पण तिला कळलं, तर ती मला गच्चीवरसुद्धा जाऊ देणार नाही, माऊली. तू ओळखतोस तिला."

माऊली काही बोलला नाही. त्याचं न बोलणं हाच सरांनी होकार धरला.

सहाव्या दिवशी खातीच्या माणसांनी पलीकडून झाडांचे ओंडके टाकले आणि एकेकाला दोर धरून पार केलं. कपकोटला आल्यावर रेंज आली. सरांनी भोरला फोन लावला. माऊली शेजारीच उभा होता, त्यामुळं वहिनींचं रडणं त्याला ऐकू आलं. सहा दिवस त्यांनी कुठं कुठं फोन केले होते देव जाणे. मग त्यांचा आवाज बदलला. त्यांनी विचारलं, तुमचा आवाज असा का येतोय? सरांनी माऊलीकडे पाहिलं, आणि नजर काढून घेत म्हणाले, "काही नाही गं. वरून उतरताना पाय मुरगळला होता. माऊलीनं पाठीवर घेऊन आणलं मला. सगळी वाट."

खीमसिंह तेव्हा दहा पावलांवर टपरीपाशी चहा पीत उभा होता. त्याला मराठी येत नव्हतं.

भोरच्या स्टँडवर उतरले तर माणसं हारतुरे घेऊन उभी. वहिनींनी स्टँडवरच, सगळ्यांच्या देखत, माऊलीच्या पायाला हात लावला. तो एकदम मागं सरला, पाठीमागच्या बाकड्यावर आपटला. लोकांना वाटलं, काय विनय आहे माणसाचा. एका पत्रकारानं वहिनींशी बोलून बातमी लिहिली. दोन दिवसांनी वेल्ह्याच्या स्टँडवर फलक लागला. माऊलीचा लग्नातला फोटो, मागं बर्फाचा डोंगर, आणि खाली, 'हिमालयात गुरूला पाठीवर वाहून आणणारा पासलीचा सुपुत्र.'

पहिल्या दिवशी त्याला वाटलं, आठवडाभरात विसरतील. विसरले नाहीत. ग्रामपंचायतीनं शाल दिली. शाळेनं बोलावलं. गेनूआबा, ज्यांनी आयुष्यात लेकाला 'बरं केलंस' एवढंसुद्धा म्हटलं नव्हतं, ते रोज देवळाच्या पारावर बसून ती गोष्ट सांगायला लागले. त्यांच्या सांगण्यात बर्फ कमरेएवढा झाला, मग छातीएवढा. भाऊबीजेला भोरहून गाडी आली. शुभावहिनींना सख्खा भाऊ नव्हता. त्यांनी माऊलीला पाटावर बसवून ओवाळलं, सुलक्षणाची ओटी भरली, आणि निघताना म्हणाल्या, "आता मला यांची काळजी नाही. तुम्ही आहात." सर गाडीत बसून होते, उतरले नाहीत. गुडघा दुखतोय म्हणाले.

माऊली त्या दिवशी जेवला नाही. पाटावर बसला असताना सांगून टाकावं असं त्याच्या ओठांवर आलं होतं. पण समोर निरांजन, वहिनींच्या डोळ्यांत पाणी, दारात अर्धं गाव. अशा वेळी कसं बोलायचं? आणि त्या वेळी नाही बोलला, म्हणून पुढच्या वेळी आणखी अवघड झालं. हिवाळाभर तोरण्यावर येणारे लोक त्याच्याबरोबर फोटो काढायचे. हिमनदी कशी असते, विचारायचे. तो सरांच्या मोबाईलमधले फोटो आठवून सांगायचा. हळूहळू त्यानं गडावर जाणंच कमी केलं. वेल्ह्याला जायचं झालं तर फलक दिसू नये म्हणून स्टँडच्या अलीकडे उतरायचा. स्वतःच्याच गावात तो आडवाटेनं फिरायला लागला.

भात पेरून झालं त्या सुमाराला किकवीचा इंद्रजित घरी आला. तो डोंगरातल्या सहली काढायचा. हुशार, बोलका, मनानं वाईट नाही. त्यानं ऑक्टोबरात सोळा जणांना पिंडारीला न्यायचं ठरवलं होतं, आणि प्रमुख म्हणून माऊलीचं नाव आधीच छापलं होतं.

"तुमच्या नावावर आठ दिवसांत यादी भरली, माऊलीभाऊ," तो म्हणाला. "आणि पहिलं नाव कुणाचं असेल? श्रीपाद सरांचं. दुसरं शुभावहिनींचं."

"सर येनार हायती?"

"येणारच. वहिनी म्हणाल्या, गेल्या वेळी एवढं अडकूनसुद्धा हृदयाला काही झालं नाही, मग कशाला अडवू? त्यांनाही बघायचंय. आणि वाटाड्या पण तुमच्या ओळखीचाच सांगितलाय, खातीचा खीमसिंह."

सुलक्षणा चहा घेऊन आली. माऊलीनं कप घेतला आणि तो तसाच हातात धरून बसला. इंद्रजित गेला तरी चहा तसाच.

दुसऱ्या दिवशी तो भोरला गेला. वहिनी बँकेत गेल्या होत्या. सर गच्चीवर फेऱ्या मारत होते, या कठड्यापासून त्या कठड्यापर्यंत, हातातल्या घड्याळाकडे बघत.

"सर, दवाखान्यात दावलं का तुमी?"

"दाखवीन. परत आल्यावर."

"वहिनींना सांगा, सर. तुमी न्हाई सांगितलं तर..."

"तर काय, तू सांगशील?" सर थांबले. रागावले नव्हते. "माऊली, तू सांगितलंस तर तुझं काय होईल याचा विचार केलायस? तुझ्या वडिलांचं? मी तुला धमकी देत नाही रे. मी हात जोडतो. वर पोचलो तेव्हा ढग होते. जेमतेम पाच मिनिटं दिसली ती मला. तीस वर्षं शिकवली, आणि पाच मिनिटं. इथं बघ, मी रोज वीस मिनिटं मोजून चालतो. खाली गेलो की मोजून जेवतो. असं किती वर्षं मोजायचं?"

सरांवर चिडावं, असं ठरवून माऊली आला होता. ते जमलं नाही. परतीच्या एसटीत नसरापूरपर्यंत तो उभाच राहिला. बसायला जागा होती, पण लक्षात आलं नाही.

लावणी झाली, पाऊस चालू राहिला, दिवस जात राहिले. ऑक्टोबर जवळ येत होता. आपण आजारी पडावं, पाय मोडावा, असंसुद्धा त्याच्या मनात येऊन गेलं. एकदा बांधावरून घसरला तर कुठं मुका मार लागला का बघितलं, आणि काही झालं नाही म्हणून हिरमुसला. आपण पडलो म्हणून इंद्रजित थांबणार नाही, सर जाणारच, हेही त्याला कळत होतं.

शेवटी त्यानं सुलक्षणाला सांगितलं. दोघं खाचरात बेणत होते. तो वाकलेला होता, तसाच वाकून त्यानं सगळं सांगितलं. गवत उपटत, तिच्याकडे न बघता. तीही उपटत राहिली. त्याचं संपल्यावर तिनं हातातली मूठ बांधावर टाकली.

"मला ठावं हुतं काईतरी हाय," ती म्हणाली. "तुमी शाळंत तीन किलोमीटर आनलं म्हनला. माज्या भावाला पाच म्हनला. तोरण्यावरच्या त्या बाईचं तुमी कंदी इसरला न्हाई, कुठं टेकला त्यो दगडबी दावता. मग ह्येच कसं इसरता?"

"मग बोलली का न्हाईस?"

"काय बोलू? मलाबी बरं वाटत हुतं की." तिनं आणखी एक मूठ उपटली. "लई बरं वाटत हुतं. पान्याला गेलं तर बाया आदी मला भरू द्यायच्या."

मग तिनं विचारलं, "सरांच्या छातीत खरंच दुकलं हुतं?"

"व्हय."

"मग जावा उद्या. हसतील लोक. हसू द्या. पर त्यो मानूस तिकडं मेला, तर तुमाला हितं र्‍हाता यायचं न्हाई. आन मलाबी."

भोरला आठवडी बाजार होता. माऊलीनं घरी जायचं टाळलं. सरांसमोर त्याची जीभ पुन्हा टाळूला चिकटली असती. वहिनी बाजाराला येतात हे त्याला माहीत होतं. भाजीवाल्यांच्या ओळीत त्या मेथी निवडून घेत होत्या. त्याला बघून त्यांचा चेहरा उजळला. त्यानं त्यांच्या हातातली पिशवी घेतली.

"वहिनी, म्या सरांना पाठीवर आनलं न्हाई," तो म्हणाला.

त्यांना वाटलं, ऐकण्यात चूक झाली. तो थांबला नाही. थांबला असता तर पुन्हा बोलता आलं नसतं. आजूबाजूला कोथिंबिरीचे भाव चालले होते, एक टेम्पो मागं येत होता, आणि तो एकेक वाक्य पुढं ढकलत राहिला. फुरकिया. उलट्या. बुटांचा आवाज. खीमसिंह. छातीवर धरलेला हात. कपकोटचा फोन.

वहिनींच्या हातात मेथीची जुडी तशीच होती.

"पाय मुरगळला नव्हता?"

"न्हाई."

"आणि तुम्ही कुठं होता?"

"पडून हुतो. दार लागलेलं ऐकलं. उठाया पायजे हुतं, उठलो न्हाई."

त्यांनी जुडी परत ढिगावर ठेवली. पिशवी त्याच्या हातातून काढून घेतली. "भाऊबीजेला आले होते मी," त्या म्हणाल्या. आवाज अगदी साधा होता. "तेव्हा सांगायचं होतं." आणि रिक्षाला हात करून निघून गेल्या.

त्याच आठवड्यात वहिनींनी सरांना पुण्याला नेलं. तपासणीत दोन ठिकाणी नवीन अडथळे सापडले. डॉक्टर म्हणाले, आता बायपासच. ऑपरेशन झालं, सर वाचले. हे माऊलीला इंद्रजितकडून कळलं. वहिनींचा फोन आला नाही, त्यानं केला तो त्यांनी उचलला नाही. सहल रद्द झाली. इंद्रजित पंधरा मिनिटं फोनवर ओरडला, मग म्हणाला, "निदान आधी सांगितलंत," आणि फोन ठेवला.

गावात कळायला वेळ लागला नाही. स्टँडवरचा फलक कुणीतरी एका दुपारी काढून नेला. पारावरची पोरं माऊली दिसला की घोरल्याचा आवाज काढायची. माऊलीला वाटलं होतं, एकदा बोलून टाकलं की मोकळं वाटेल. तसं काही झालं नाही. आधी खोट्यात कोंडला होता, आता लोकांच्या नजरेत कोंडला. फरक एवढाच, की आता त्याला झोप लागत होती.

गेनूआबा आठ दिवस पारावर गेले नाहीत. लेकाशी बोललेही नाहीत. नवव्या दिवशी जेवताना त्यांनी विचारलं, "त्यो खीमसिंग का कोन, जिता हाय का?"

"हाय, आबा."

"फोन हाय त्याचा?"

नंबर होता. कपकोटहून निघताना खीमसिंहानंच लिहून दिला होता, आणि माऊलीनं तो कधी लावला नव्हता. तीन दिवस लागेना. चौथ्या दिवशी लागला. आबांनी फोन हातात घेतला आणि मोठ्यानं, जणू समोरच्या डोंगरावरच्या माणसाशी बोलावं तसं म्हणाले, "मास्तर को तुमने उठाया. नाव हमारे लडके का हुआ. चूक हुआ. म्हातारा माफी मांगता हाय."

पलीकडून खीमसिंहाचा आवाज आला, "कौन से मास्टरजी?" माऊलीनं फोन घेऊन समजावलं. तेव्हा कुठं त्याला आठवलं. तसे दर वर्षी चार-पाच उचलावे लागतात, तो म्हणाला. मास्टरजी ठीक आहेत ना, विचारलं. भात कसं आहे, विचारलं. नाव दुसऱ्याचं झालं, याचं त्याला काहीच वाटलं नाही. माऊलीनं वर्षभर जे उशाशी घेऊन काढलं होतं, ते त्या माणसाच्या ध्यानातही नव्हतं. हलकं वाटावं की आणखी लाज वाटावी, हे त्याला ठरवता येईना.

आबांनी दुसऱ्या दिवशी काठी घेतली आणि पारावर गेले. तिथं त्यांनी गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सांगितली, या वेळी खीमसिंहाच्या नावानं. बर्फ मात्र छातीएवढाच ठेवला.

शाळेत माऊली स्वतः गेला. मुख्याध्यापक नको म्हणत होते, मुलांपुढं कशाला, पण सुलक्षणा बरोबर आली होती आणि ती दारातून हलेना. त्यानं मुलांना सांगितलं, की मागच्या वेळी जे सांगितलं ते खरं नव्हतं. एका मुलीनं हात वर केला. "मंग तुमी हिमनदी बघितलीच न्हाई?"

"न्हाई."

"आन घाबरला हुता?"

त्यानं थोडा विचार केला. "व्हय," तो म्हणाला.

भात झोडून झालं, पेंढ्या रचून झाल्या. जानेवारीत एका सकाळी भोरची गाडी पासलीत आली. वहिनी चालवत होत्या. त्या गाडीतच बसून राहिल्या; सर एकटेच उतरले. निम्मे झाले होते. मफलर गुंडाळलेला, हातात काठी. माऊली खळ्यात होता. त्यानं पेंढ्यावर घोंगडी अंथरली, सर सावकाश बसले.

"मी अजून रागावलेलो आहे तुझ्यावर," सर म्हणाले.

"बरं."

"शुभा तर जास्तच. पण इथं यायचं तिनंच ठरवलं. गाडीतून उतरणार नाही म्हणाली. बघू."

सुलक्षणा पाण्याचा तांब्या ठेवून गाडीकडे गेली. काचेपाशी उभी राहून काहीतरी बोलत होती. काच अर्धी खाली आली होती. त्याहून खाली आली नाही. चिमण्या दाणे टिपत होत्या. वर्षभर सरांनी आणि माऊलीनं एकमेकांची नजर टाळली होती, आणि आता टाळायला काही उरलं नव्हतं.

"सर," माऊलीनं विचारलं, "कशी दिसती ती?"

सरांनी त्याच्याकडे पाहिलं. आजवर हा प्रश्न त्यांना कुणी विचारलाच नव्हता. वहिनींना त्यांनी बोलू दिलं नव्हतं, आणि लोकांनी विचारलं ते सगळं माऊलीला. त्यांनी काठी आडवी ठेवली, खळ्यातल्या सारवलेल्या जमिनीवर बोट टेकवलं.

"पांढरी नसते," ते म्हणाले. "हीच पहिली चूक. मी तीस वर्षं पांढऱ्या खडूनं काढली. ती मळकी असते, राखाडी, वर सगळी माती नि दगड. नदी वाटतच नाही. आपल्या इथली दरड कोसळलेली असते ना, तशी. मी खीमसिंहाला विचारलं, कुठाय? तो म्हणाला, ही काय समोर. आणि मग ढग जरा हलले..."

ते सांगत राहिले. मधेच दम लागला की थांबायचे, पाणी प्यायचे, पुन्हा सुरू करायचे. माऊली गुडघ्यांना मिठी घालून ऐकत होता.